आठ पौंडांचा सूर

विजेवर वाजणाऱ्या गिटारीला जन्मतःच एक रोग जडला होता. ती किंचाळत असे. चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार, म्हणजेच पिकअप, यांच्या साह्याने तारांचा कंप पकडायचा, त्याचा विद्युतप्रवाह करायचा, ॲम्प्लिफायरमध्ये तो वाढवायचा आणि स्पीकरमधून बाहेर सोडायचा, एवढीच तिची मूळ कल्पना. पण स्पीकरमधून सुटलेला आवाज उलटून गिटारीच्या पोकळ पेटीवर आदळे. पेटी थरथरे, तिच्यासोबत तारा थरथरत, पिकअप तो कंप पुन्हा उचलून पुढे धाडी, आणि बघता बघता सभागृहभर कर्कश शिट्टी घुमू लागे. वादक धावत जाऊन आवाज कमी करी, तेव्हा कुठे श्रोते कानांवरचे हात काढत.

या किंचाळण्याचा बंदोबस्त करण्यात मोठमोठ्या कारागिरांची उमेदीची वर्षे खर्ची पडली. १९४० च्या सुमारास लेस पॉल या अमेरिकन वादकाने न्यूयॉर्कमधल्या एपिफोन कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसून पाइनच्या चार इंची चौरस ओंडक्यालाच तारा चढवल्या. ओंडका भरीव असल्यामुळे थरथरेना आणि किंचाळेनाही. मात्र त्याचे ते रूप पाहून लोकांनी नाके मुरडली, तेव्हा त्याने जुन्या गिटारीची पेटी उभी चिरून तिचे दोन अर्धे ओंडक्याच्या कडांना डकवले. तिकडे कॅलिफोर्नियात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडर यांनी १९५० मध्ये भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली आणि १९५४ मध्ये त्यांची स्ट्रॅटोकास्टर आली. फेंडर यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, तरी रोगावर रामबाण उपाय त्यांनीच घरोघर पोहोचवला. भरीव लाकूड घ्यावे आणि निश्चिंतपणे वाजवावे, असा नियमच ठरून गेला.

अशा वेळी १९६३ च्या ऑगस्टमध्ये, लंडनच्या पश्चिमेकडच्या फेल्टम या उपनगरात, सोळा वर्षांच्या एका शाळकरी मुलाने हा नियम मोडायचे ठरवले. ज्या किंचाळण्यापासून सारे पळत होते तेच त्याला हवे होते, पण आपल्या हुकमात. तार छेडली की तिचा सूर विझून जाण्याआधी स्पीकरमधून परतणाऱ्या ध्वनीने त्याला उचलून धरावे आणि माणसाच्या गळ्यातून निघावा तसा तो लांबत राहावा, अशी त्याची आस होती. जेफ बेक नावाचा तरुण वादक स्पीकरसमोर गिटार हलवून असे सूर मिळवतो हे त्याने पाहिले होते. त्या मुलाचे नाव ब्रायन मे.

हवी ती गिटार दुकानात होती असे नाही आणि जी दुकानात होती ती घेण्याइतके पैसे घरात नव्हते. होती ती सातव्या वाढदिवसाला मिळालेली साधी गिटार. तिच्यावर घरगुती पिकअप बसवून तो ती वडिलांच्या रेडिओला जोडून वाजवी. वडील हॅरल्ड मे विमान वाहतूक मंत्रालयात इलेक्ट्रॉनिक्सचे आरेखक होते. कॉन्कॉर्ड विमानाला धावपट्टी दिसत नसतानाही सुखरूप उतरता यावे यासाठीच्या उपकरणांवर त्यांनी काम केले. घरातला टीव्हीसुद्धा त्यांनी स्वतःच्या हातांनी जोडलेला होता. विकत मिळत नाही ते बनवावे, हा त्या घराचा शिरस्ताच. घरातल्या जास्तीच्या खोलीत दोघांनी बाके मांडली. हाती यंत्रसामग्री म्हणावी अशी काहीच नव्हती. पटाशी, कानस, हातड्रिल आणि खिशातला चाकू एवढ्यावर काम सुरू झाले.

पहिला प्रश्न दांड्याचा. सहा पोलादी तारांचा ताण वर्षानुवर्षे सोसूनही जो वाकणार नाही असे लाकूड हवे, आणि नवे लाकूड महाग. ओळखीच्या एका घरातली जुनी फायरप्लेस काढून टाकली जात होती, तिची महोगनीची फळी ब्रायनला मिळाली. शंभरावर वर्षे जुनी, विस्तवाच्या उबेत पुरती मुरलेली. आपल्याकडे मोरा-करंजाच्या किनाऱ्यावर मोडीत निघालेल्या होडीचे लाकूड हाताळून त्यातली कुठली फळी अजून वीस वर्षे काढील हे सांगणारे सुतार असतात. त्यांनी ही फळी पाहताच उचलली असती. फक्त तिला कीड लागलेली होती. किड्यांनी पोखरलेली भोके दांड्याच्या अंगातच येत होती. ब्रायनने त्यांत आगकाड्या ठोकून भोके बुजवली, वर लुकण भरले आणि महिनोन् महिने चाकूने तासत तो दांडा घडवला. तो घडला तो जाडजूड. बाजारातल्या सडपातळ दांड्यांना सरावलेल्या हाताला तो आजही मुठीत मावत नाही. पण ताणाखाली तो हललेला नाही.

धडासाठी जुन्या टेबलाचे ओक उपयोगी पडले. मधोमध ओकचा भरीव कणा, दोन्ही अंगांना साध्या ब्लॉकबोर्डचे तुकडे आणि वरून महोगनीचे पातळ पापुद्रे. बाहेरून पाहणाऱ्याला ती अखंड लाकडाची वाटावी. आत मात्र बापलेकांनी पोकळ कप्पे कोरून ठेवले होते. सगळी गोम त्या कप्प्यांत होती. पूर्ण पोकळ पेटी बेलगाम किंचाळते आणि पूर्ण भरीव लाकूड मुके राहते, म्हणून स्पीकरच्या आवाजाला थोडासा प्रतिसाद देईल आणि त्याच्या आहारी जाणार नाही एवढीच पोकळी त्यांना हवी होती. ती किती असावी हे सांगणारे पुस्तक तेव्हा नव्हते. अंदाज, तर्क आणि कान यांच्या भरवशावरच ते कोरकाम झाले.

पडद्यांच्या जागा मात्र अंदाजावर सोडता येत नव्हत्या. सतारीचा पडदा तात सैल करून सरकवता येतो. गिटारीचा पडदा एकदा लाकडात ठोकला की ठोकला. चोवीस इंचांच्या तारेखाली चोवीस पडदे, दोन पूर्ण सप्तके, आणि प्रत्येक पडदा आधीच्यापेक्षा ठराविक प्रमाणात जवळ. इंचाच्या अगदी बारीक अंशाची चूक झाली तरी ती जन्मभर कानाला टोचत राहणार. गणितात हुशार असलेल्या मुलाने वडिलांबरोबर ते हिशेब पुन्हा पुन्हा पडताळले आणि मगच करवत लावली. सुरांच्या जागा दाखवणारे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यातून आले. ती शिंपल्याची बटणे होती.

खरी अडचण पुढे होती. मींड घेताना, सूर खाली झुकवून पुन्हा वर आणताना, तारांचा ताण कमीजास्त करणारा दांडू त्या काळच्या गिटारींना असे. तो दाबून सोडला की तारा मूळ सुरावर परतत नसत. वादक अर्ध्या गाण्यात बेसूर होई. दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी बापलेकांनी तारांच्या ताणाची एक वेगळी चाचणीची फळी तयार केली आणि एकेक रचना तिच्यावर घासून पाहिली. पहिल्या रचना बाद झाल्या. हळूहळू शत्रू ओळखीचा झाला. तो होता घर्षण. तार जिथे जिथे कशाला घासते तिथे ती किंचित अडकते आणि तेवढीच बेसूर राहते. मग त्यांनी घर्षणाच्या एकेका जागेवर हल्ला चढवला. ताण देणारी पोलादी पट्टी चाकूच्या धारेवर तोलली. घोडीवर प्रत्येक तारेसाठी गरगर फिरणारी चिमुकली चाके बसवली. ती चाकेही हातड्रिलमध्ये पोलाद धरून, कानशीने घासून घरीच काढली. डोक्याकडच्या खुंट्यांपर्यंत तारा सरळ रेषेत जातील अशी सोय केली. एवढा सगळा ताण तोलायला बळकट स्प्रिंगा हव्या होत्या. त्या १९२८ च्या जुन्या पँथर मोटरसायकलच्या इंजिनातून मिळाल्या. दांडू झाला सायकलच्या पिशवीच्या आधाराचा, आणि त्याचे टोक म्हणून आईच्या विणकामाच्या सुईचा तुकडा बसला. आता दांडू कितीही दाबा, सोडला की सूर जागच्या जागी परत. बड्या कंपन्यांच्या गिटारींना जे साधत नव्हते ते फेल्टममधल्या त्या खोलीत साधले होते.

याच सुमारास, १९६४ मध्ये, झांझिबारमधल्या क्रांतीनंतर देश सोडून आलेले एक पारशी कुटुंब फेल्टममध्येच राहायला आले. मे यांच्या घरापासून ते घर फार लांब नव्हते. या बलसारा कुटुंबाचा मुलगा फारोख ब्रायनहून जेमतेम वर्षभराने मोठा. त्याचे शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झालेले. तिथे तो पियानो शिकला, तिथेच मित्रांना जमवून त्याने ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला. सह्याद्रीच्या पठारावर गळा तापवून आलेला हा मुलगा आणि मोटरसायकलच्या स्प्रिंगा जमवणारा तो मुलगा काही वर्षे एकाच उपनगरात राहत होते, आणि एकमेकांच्या अस्तित्वाची त्यांना दाद नव्हती.

इकडे गिटारीला आता कान लावायचे होते. पिकअपही घरीच करायचे ठरले. बटणाएवढी चुंबके आणली, तांब्याची केसासारखी तार गुंडाळण्यासाठी एक हातयंत्र बनवले आणि हजारो वेढे मोजून घातले. एवढ्या खटाटोपानंतर पिकअप लागले, आवाज आला, आणि तो चांगला होता. सूर स्वच्छ होता, भरदार होता. मग ब्रायनने नेहमीप्रमाणे बोटाने तार आडवी ओढून सूर चढवला आणि त्यातून एक विचित्र खरखर उमटली. पुन्हा ओढली, पुन्हा खरखर. तार ओढून सूर चढवणे हा तर त्याच्या वादनाचा प्राण. हे पिकअप तिथेच दगा देत होते.

या साऱ्या कथेत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा पराभव. कारण ब्रायनने पिकअप फेकून देण्याआधी त्याचे कारण शोधले. प्रत्येक तारेखाली वेगळे चुंबक होते, आणि शेजारशेजारच्या चुंबकांचे ध्रुव आलटून पालटून लावलेले होते, एक उत्तर, पुढचे दक्षिण. तार उभी कंप पावे तोवर सारे ठीक. ती आडवी सरकून एका चुंबकाच्या राज्यातून दुसऱ्याच्या राज्यात शिरली की विरुद्ध ध्रुव तिला उलटे वाचत. दोष कारागिरीत नव्हता, मांडणीत होता. कळले तेव्हा वेळ बरीच गेली होती. नवे पिकअप पुन्हा गुंडाळण्याऐवजी त्याने बर्न्स कंपनीचे ‘ट्राय-सॉनिक’ हे तीन पिकअप विकत घेतले. घरात न बनलेला तो जवळपास एकमेव महत्त्वाचा भाग.

तरीही जुने भूत पुन्हा उठलेच. आवाज वाढवला की नको ती तीक्ष्ण शिट्टी वाजू लागे. गिटारीला गाता यावे म्हणून पोकळी ठेवली होती, आणि ही शिट्टी गाणे बुडवत होती. इथे त्याला एक फरक उमगला आणि त्याने सारे चित्र बदलले. परतणाऱ्या आवाजाने तारा हलतात तेव्हा सूर लांबतो, आणि तोच तर हवा आहे. पण त्याच आवाजाने पिकअपच्या आत तांब्याचे सैल वेढेही थरथरतात, आणि शिट्टी वाजते ती त्यांची. दोन गोष्टी आजवर एकाच नावाने ओळखल्या जात होत्या, म्हणून दोन्हींना एकत्र हद्दपार केले जात होते. ब्रायनने पिकअपच्या पोटात ॲराल्डाइट हा गोंद ओतून वेढे घट्ट गोठवून टाकले. वेढे मुके झाले. तारा मात्र मोकळ्या राहिल्या.

मग प्रत्येक पिकअपला दोन-दोन बटणे जोडली. एक त्याला चालू-बंद करणारे, दुसरे त्याचा प्रवाह उलटा फिरवणारे. दोन पिकअप सुलट जोडले की आवाज भरे. एक उलटा केला की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकत आणि उरे तो नाकातला, धारदार आवाज. त्या काळातल्या कुठल्याही दुकानी गिटारीत नसलेल्या कितीतरी छटा त्या सहा बटणांत दडल्या होत्या. शेवटी तिच्यावर तांबूस चमकदार लेप चढला. कडेच्या लाकडाचा जोड झाकायला फळीच्या कडेला लावतात ती प्लॅस्टिकची पट्टी बसली. सुमारे दोन वर्षांच्या श्रमांनंतर ‘रेड स्पेशल’ उभी राहिली. साऱ्या सामानाचा खर्च आठ पौंडांच्या आसपास झाल्याचे सांगितले जाते.

खरे तर इथे कथा संपायला हवी होती. पण गिटार तयार होऊनही मनातला सूर काही पुरता हाती येईना. ब्रायन १९६५ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकायला गेला. मित्रांच्या ‘१९८४’ या वाद्यवृंदात ती गिटार वाजली. मे १९६७ मध्ये त्याच कॉलेजात जिमी हेंड्रिक्सच्या कार्यक्रमाआधी वाजवण्याची संधीही त्या मुलांना मिळाली. ऐकणाऱ्यांना गिटार आवडे. ब्रायनला मात्र ठाऊक होते की ती अजून बोलते आहे, गात नाही.

किल्ली सापडली ती भलत्याच ठिकाणी. लंडनच्या मार्की क्लबमध्ये ‘टेस्ट’ या वाद्यवृंदाचा आयरिश गिटारवादक रॉरी गॅलाघर वाजवत असे. एका कार्यक्रमानंतर ब्रायन मागे थांबून राहिला आणि त्याने धीर करून विचारले, हा आवाज येतो कसा? गॅलाघरने काहीही न लपवता सांगितले. व्हॉक्स कंपनीचा एसी-३० हा ॲम्प्लिफायर, आणि त्याच्याआधी जोडलेली, वरच्या स्वरांना जोर देणारी एक छोटी पेटी. ब्रायनने जुने एसी-३० मिळवले, तशीच पेटी घेतली, रेड स्पेशल जोडली आणि आवाज पूर्ण वर नेला. निर्वात नळ्यांवर चालणारा तो ॲम्प्लिफायर काठोकाठ भरला की सूर फाटत नाही, गोल होतो, दाट होतो. ओकच्या कप्प्यांनी तो झेलला, तारांनी उचलला, गोठवलेले वेढे गप्प राहिले. छेडलेला सूर थांबेना. तो लांबत गेला, हळूहळू वरच्या सप्तकात उलगडला आणि गिटार किंचित वळवली की वळला. सोळाव्या वर्षी कानात बसलेला सूर इतक्या वर्षांनी खोलीत उभा होता. आगकाड्यांनी बुजवलेल्या त्या लाकडात तो सुरुवातीपासून होता. त्याला बाहेर पडायला योग्य दार तेवढे मिळाले नव्हते.

नखीऐवजी तो सहा पेन्सचे नाणे वापरू लागला. नाण्याची दातेरी कड तारेला स्पर्शताना उच्चारातल्या व्यंजनासारखी एक ठिणगी टाकते आणि मागून स्वर येतो. १९६८ मध्ये ब्रायनने ‘स्माइल’ हा वाद्यवृंद काढला. त्यातला टिम स्टाफेल आपल्या कलाशाळेतल्या एका मित्राला घेऊन आला. तोच पाचगणीचा फारोख. १९७० मध्ये ‘क्वीन’ या वाद्यवृंदाची स्थापना झाली आणि फारोख बलसारा फ्रेडी मर्क्युरी झाला. त्यांची पहिली तबकडी १९७३ मध्ये निघाली. एकावर एक सूर चढवून ब्रायन गिटारीचा अख्खा वाद्यवृंद उभा करी आणि ऐकणाऱ्यांना वाटे की ही यंत्राची करामत आहे. म्हणून सुरुवातीच्या तबकड्यांवर त्यांना मुद्दाम छापावे लागले की इथे कोणीही सिंथेसायझर वाजवलेला नाही.

मराठी कानाला जवळची वाटेल अशी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ब्रायनजवळ एक जुनी, स्वस्तातली साधी गिटारही होती. तिची घोडी त्याने बदलली, माथा सपाट केला आणि तारेखाली पडद्याच्या धातूचा बारीकसा तुकडा असा ठेवला की कंप पावणारी तार त्याला हळुवार घासत राहावी. मिरजेचे तंबोरे आणि सतारी घडवणारे कारागीर घोडीचा माथा कानशीने घासून जवारी काढतात, तेच हे तत्त्व. १९७४ च्या ‘व्हाइट क्वीन’ या गाण्यात सतारीसारखा झणकारणारा जो आवाज येतो, तो या गिटारीचा. जवारी काढणाऱ्याला माप विचारले तर तो तारेला कान लावतो. ब्रायननेही माप तिथेच शोधले.

रेड स्पेशलचा टिकाऊपणा हा वेगळ्याच कौतुकाचा विषय आहे. सोळा वर्षांच्या मुलाने चाकूने तासलेला दांडा जगभरच्या दौऱ्यांत, उन्हात, थंडीत, विमानांच्या पोटात फिरला. १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियन कारागीर ग्रेग फ्रायर यांनी तिची काळजीपूर्वक डागडुजी केली. तिच्या तीन हुबेहूब प्रतीही त्यांनी घडवल्या. जून २००२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात ब्रायन मे यांनी बकिंगहॅम राजवाड्याच्या छतावर उभे राहून ब्रिटनचे राष्ट्रगीत वाजवले, ते याच गिटारीवर.

पण या गिटारीचा दुसरा शिल्पकार तिच्यावर फार काळ खूश नव्हता. आकाशातल्या धुळीवरचे संशोधन अर्धवट सोडून मुलगा १९७४ मध्ये पूर्णवेळ वादक झाला, तेव्हा हॅरल्ड मे यांना ते सहन झाले नाही. सोडलेली पदवी ब्रायनने २००७ मध्ये, वयाच्या साठीला मिळवली, पण तेव्हा ते पाहायला वडील नव्हते. ज्यांनी चाकूच्या धारेवर पोलाद तोलले, पडद्यांचे हिशेब पडताळले, त्यांनाच ही गिटार मुलाचे आयुष्य वाया घालवते आहे असे वाटे. बराच काळ बापलेकांत अबोला होता. १९७७ मध्ये ब्रायनने आईवडिलांना कॉन्कॉर्डमध्ये बसवून न्यूयॉर्कला नेले. ज्या विमानाच्या उपकरणांवर हॅरल्ड यांनी नोकरीची वर्षे घालवली त्यातून ते तोवर कधी उडाले नव्हते. ‘क्वीन’च्या कार्यक्रमाला तिथले मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे सभागृह खचाखच भरले होते. कार्यक्रम झाल्यावर हॅरल्ड मुलाला भेटले आणि म्हणाले की हे सगळे कशासाठी होते ते आता त्यांना समजले.